निकालाआधी लागलेलं डिजिटल

कोल्हापूरकडं माणूस निवडून आला तरी डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लागतं, पडला तरी 'आभार' म्हणून लागतं आणि नुसता वाढदिवस आला तर दोन लागतात. तेव्हा मोबाईलवर कुणाच्या डिजिटलचा फोटो आला म्हणून दचकायचं काही कारण नाही. पण त्या सकाळी उचगावच्या घरात चहाला बसलेली अक्षता दचकली, आणि अशी दचकली की तिच्या आईनं, मीनाबाईनं विचारलं, "काय गं, पाल पडली का अंगावर?"

फोटो तिच्या ज्युनिअर पोरांच्या ग्रुपवर आला होता. कागलच्या पलीकडची एक वाडी, एसटी थांबते तो कोपरा, आणि त्या कोपऱ्यावर हे थोरलं डिजिटल. त्यात विश्वजित. काळा गॉगल, हात जोडलेले, मागं उगीचच एक विमान उडालेलं. वर लिहिलेलं, 'आमच्या वाडीचे पहिले इंजिनिअर! पहिल्या वर्षात घवघवीत यश मिळवल्याबद्दल चि. विश्वजित यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून तरुण मंडळाची अख्खी फळी, एकेकाचा फोटो असा की पुढच्या निवडणुकीला सगळेच उभे आहेत.

सगळं झकास होतं. फक्त निकाल अजून लागायचा होता. तो त्याच दिवशी दुपारी लागणार होता.

आणि हे डिजिटल कुणामुळं लागलं हे अक्षताला पक्कं ठाऊक होतं. तिच्यामुळं.

अक्षता म्हणजे शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कास्टिंग घासणाऱ्या बापाची लेक. मेकॅनिकलला, तिसऱ्या वर्षाला. घरात तिच्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, त्यामुळं पहिल्या वर्षी तिची जी फजिती झाली ती आठवली तरी तिचे कान गरम होतात. शाळेत सरांच्या खोलीत बोलावलं की मार ठरलेला. म्हणून ही बया कॉलेजातही प्राध्यापकांच्या केबिनबाहेर नुसती उभी राहायची, शंका घेऊन यायची आणि तशीच परत घेऊन जायची. शेवटी वरच्या वर्गातल्या संयोगिता नावाच्या पोरीनं तिला खांद्याला धरून आत ढकललं. "जा की आत! खात न्हाईत ते!" त्या एका ढकलण्यावर आपलं इंजिनिअरिंग चाललंय, असं ती स्वतःच सांगते.

म्हणून कॉलेजनं असल्या पोरांसाठी, म्हणजे ज्यांच्या घरात इंजिनिअरिंग हा शब्दच पहिल्यांदा आलाय त्यांच्यासाठी, ताई-दादांची योजना काढली तेव्हा हिनं सगळ्यांत आधी नाव दिलं. वरच्या वर्गातल्या एकेकाला नवी चार-पाच पोरं वाटून द्यायची. लायब्ररीचं कार्ड कसं काढायचं इथपासून रडू आलं तर कुणाकडं जायचं इथपर्यंत सगळं त्या ताईनं नाहीतर दादानं सांगायचं. योजनेच्या मॅडमनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, "घरच्यांना निकालाबद्दल शब्द द्यायचा नाही. तुम्ही ज्योतिषी नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्षतानं तर जरा जास्तच डोलावली.

विश्वजित तिच्या वाट्याला आलेला. बाप केरबा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन, आई शालूबाई घरची म्हसरं आणि तुकडाभर शेत बघायची. पोरगं गुणाचं, पण एक खोड. कधी म्हणून 'येत नाही' म्हणायचं नाही.

"गणित कसं चाललंय?"

"येतंय की."

"मेकॅनिक्स?"

"निवांत हाय."

आता हे 'निवांत' कोल्हापूरच्या माणसानं म्हटलं की समजावं, घर पेटलंय आणि हा दारात उभा राहून कुणाला आत येऊ देत नाही. अक्षतालाही ते समजायचं. तिला आणखी एक गोष्ट समजली होती. हा घाबरला की म्हशीबद्दल बोलतो. हरणी नावाची त्यांची म्हैस होती. परीक्षेआधीच्या भेटीत हिनं गणिताचं विचारलं आणि ह्यानं चहा संपेपर्यंत हरणीचंच चालवलं. ती वैरण कशी निवडून खाते, परक्या माणसाला दूध कशी देत नाही. अक्षताला तेव्हाच कळलं होतं. आणि तिनं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यानं खरं सांगितलं असतं तर काय बोलायचं, हे तिला माहीत नव्हतं.

मग निकालाच्या आधल्या आठवड्यात शालूबाईचा फोन आला. "मॅडम, पोरगं सुट्टीला आल्यापास्नं जेवंना झालंय ओ. पास हुईल का न्हाई एवढंच सांगा."

मॅडम! अक्षताला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हणालं. आणि त्या बाईच्या आवाजात तिला आपली आई ऐकू आली. तोंडातनं निघून गेलं, "मावशी, काळजी करू नका. झाला पास असंच समजा."

पलीकडून एक लांबलचक सुस्कारा आला. "कॉलेजातनंच सांगिटलं म्हंजे मिटलं बघा."

झालं. तिनं धीर दिला, त्यांनी निकाल घेतला. ज्या घरानं कॉलेज कधी बघितलंच नाही त्या घराला कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरीचं तोंड आणि युनिव्हर्सिटीचा शिक्का ह्यात फरक काय कळणार? शालूबाईनं केरबाला सांगितलं, केरबानं मंडळाला सांगितलं, आणि मंडळाच्या पोरांना तर काय, डिजिटल लावायला कारणच हवं असतं.

अक्षतानं विश्वजितला फोन लावला. बंद. तो दोन दिवसांपूर्वीच हॉस्टेलवर परतला होता. पुन्हा लावला. बंद.

दुपारी निकाल लागला. स्वतःचा बघायच्या आधी तिनं त्याचा बघितला. तीन विषय राहिले होते. गणित, फिजिक्स, मेकॅनिक्स. वर्ष जात नव्हतं. पुढच्या वर्गात बसायचं आणि राहिलेले विषय दिवाळीच्या सुमारास परत द्यायचे, एवढंच. कॉलेजातल्या पोरांना हे पाठ असतं. पण वाडीतल्या कोपऱ्यावर 'घवघवीत यश' लागलेलं असताना तीन विषय म्हणजे काय, हे काय सांगायला पाहिजे?

ती तशीच ओळखपत्र गळ्यात अडकवून हॉस्टेलच्या गेटवर गेली. त्याचा पार्टनर म्हणाला, "पहाटंच गेला. बॅग न्हेली न्हाई."

निकालाच्या दिवसांत पेपरच्या आतल्या पानावर जी बारकी बातमी येते ती अक्षताच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. नको, नको म्हणत तिनं मॅडमना गाठलं आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या शब्दासकट. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, "मी इकडचं बघते, सगळीकडं माणसं पाठवते. तू आधी त्याच्या घरी फोन लाव."

फोन उचलला शालूबाईनं. मागं ही गर्दी, हा कलकलाट. "मॅडम! या की पेढं खायाला!"

"मावशी, विश्वजित आलाय का तिकडं?"

"त्यो? त्यो तुमच्यापाशीच हाय की कॉलेजात!"

फोनवर दिलेला शब्द फोनवर परत घ्यायचा, तोही पेढे वाटणाऱ्या बाईकडून? "मी येतो तिकडं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

कागलपर्यंत एसटी आणि तिथून वडाप. जीपमध्ये माणसं अशी कोंबलेली की श्वास घ्यायलासुद्धा पाळी लावावी. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कुणाकडं निघालीस, बाळ?"

"विश्वजितकडं."

"इंजिनिअरकडं व्हय! ए, सरका की रं, पावण्यास्नी नीट बसू द्या!" आणि सगळी जीप सरकली. एक जण म्हणाला, आमच्या गावचं नाव काढलं पोरानं. दुसरा म्हणाला, आता माझ्या बारक्याला पण तिकडंच घालणार. अक्षता खिडकीबाहेर बघत बसली. जीप सावकाश जावी असंही तिला वाटत होतं आणि उडत जावी असंही वाटत होतं.

वाडीच्या कोपऱ्यावर ती उतरली, तर समोर तो गॉगल. डिजिटलखाली मंडळाचा आदर्श नावाचा पोरगा नारळ घेऊन उभा. हिच्या गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र बघितलं आणि बोंबलला, "कॉलेजच्या मॅडम आल्या रे!"

मग काय विचारता. वाजत-गाजत नेलं नाही एवढंच. शालूबाईच्या सोप्यात तिला खुर्चीवर बसवलं, बाकी सगळे खाली. एका म्हाताऱ्यानं सवयीनं विचारलं, "आडनाव काय म्हणायचं?"

"कांबळे."

म्हातारा "हं" म्हणाला आणि आढ्याकडं बघायला लागला. आता मी खरं सांगितल्यावर हे काय म्हणतील, दोष कुणाकुणावर घालतील, हे सगळं त्या एका 'हं'मध्ये अक्षताला दिसलं. पण शालूबाईनं त्या म्हाताऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कप अक्षताच्या हातात दिला आणि म्हणाली, "आदी च्या घ्या. तोंड सुकलंय तुमचं."

त्या चहानंच तिला बोलतं केलं.

"मावशी, विश्वजित तीन विषयांत राहिलाय. मी तुम्हाला पास म्हणालो ते खोटं होतं. निकाल तवा लागलाच नव्हता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो. आणि सकाळपास्नं त्यो कुठं हाय ते कुणालाच म्हाईत न्हाई."

आदर्शनं नारळ हळूच पाठीमागं घेतला.

"तुमीच म्हणालासा की!" शालूबाई ओरडली. "कॉलेजातनं सांगिटलं म्हणून मी गावभर सांगत सुटलो! मालक तिकडं गेटावर पेढं वाटालेत!"

"व्हय मावशी. मीच."

"पोरगं कुठं हाय माजं?"

अक्षताला रडू यायला लागलं आणि रडायचा आपल्याला काही हक्क नाही असंही वाटायला लागलं. तो कुठं जाईल? तिनं डोकं ताणून आठवायचा प्रयत्न केला, तर त्याचे मित्र आठवेनात, आवडीचं ठिकाण आठवेना. वर्षभर त्याच्याशी बोलून तिला त्याची एकच गोष्ट पक्की माहीत होती.

"मावशी," ती म्हणाली, "हरणी कुठं हाय?"

"आँ?"

"त्यो घाबरला की हरणीचंच बोलतोय. हरणी गोठ्यात हाय का?"

शालूबाईचा चेहरा बदलला. ती आदर्शकडं वळली. "सकाळी तूच न्हेलीस न्हवं रं म्हस, माळाला?"

"मी? मी तर डिजिटलच्या खांबाला दोऱ्या बांधत हुतो, काकी."

पुढं शालूबाई आणि मागं अक्षता, दोघी घरामागच्या परड्यातून ओढ्याकडं धावल्या. चार-पाच दिवस पाऊस झोडपून नुकताच उघडला होता आणि ओढा दोन्ही थड्या धरून चालला होता. तांबडं पाणी. वळणावर हरणी दिसली. पोटापर्यंत पाण्यात, दावं पाण्यावर तरंगतंय, आणि जवळ माणूस नाही.

"विश्वाऽऽ!" शालूबाईची ती हाक अक्षता जन्मात विसरणार नाही. हरणीनं मान वळवून ह्या दोघींकडं बघितलं आणि परत आपली रवंथ करायला लागली.

"काय हाय?" बांधाआडून आवाज आला.

पोरगं करंजाच्या झाडाखाली बसलेलं. चिखलानं भरलेलं, डोळे सुजलेले, पण धडधाकट. शालूबाईनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग दुसरा घातला आणि मग त्याच मुठीनं त्याचा शर्ट धरून रडायला लागली. "घरला यायला काय झालंतं तुला?"

"कसा येऊ?" तो म्हणाला. "कोपऱ्यावर माजंच तोंड लावलंय. त्याच्याखालनं कसा येऊ मी? आडवाटंनं आलो, हरणीला सोडली आणि हिकडं बसलो." मग अक्षताकडं न बघता म्हणाला, "तीन ऱ्हायलं न्हवं, ताई? मला म्हाईत हुतं. पेपर लिवतानाच म्हाईत हुतं."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमाला कसं सांगू? तुमी कुठं कवा नापास झालाय?"

आता ह्या प्रश्नाला तोंड देणं निकालापेक्षा अवघड होतं. उचगावच्या गल्लीत मीनाबाई येता-जाता सगळ्यांना सांगायची, 'आमची अक्षता एकदा बी नापास न्हाई.' आणि अक्षता खाली मान घालून ऐकायची. योजनेतल्या पोरांपुढंही तिनं स्वतःचं असलंच डिजिटल लावलं होतं, फक्त छापलेलं नव्हतं.

"मी पहिल्या वर्षी मेकॅनिक्सला नापास झालतो," ती म्हणाली. "परत दिला आणि सुटला. आईला अजून म्हाईत न्हाई. तुम्हा पोरांना पण सांगितलं न्हाई. म्हटलं, ताईच नापास म्हटल्यावर तुम्ही ऐकशीला का माझं?"

विश्वजितनं पहिल्यांदा वर बघितलं. "मेकॅनिक्सला? तुमी?"

"चांगला धडधडीत."

शालूबाईनं पदरानं नाक पुसलं आणि मधेच म्हणाली, "थांबा जरा. म्हंजे नापास हूनबी म्होरच्या वर्गात जाता येतंय?"

"येतं की, मावशी. राहिलेलं परत द्यायचं."

"आणि ह्ये तुमा दोघास्नी ठावं हुतं?"

दोघांनी माना हलवल्या.

"मग एवढंच सांगायचं हुतं की गं बाई मला त्या दिशी फोनवर!" शालूबाई म्हणाली. "मी काय पोराला दाव्याला बांधणार हुतो? पास व्हतंय म्हणून शब्द कुणी मागितला तुमाला? नापास झाला तर काय करायचं, त्ये मला ठावं न्हवतं म्हणून तर फोन केलता!"

अक्षताला वाटलं, धपाटे मिळाले असते तर बरं झालं असतं. तिथल्या तिथं तिनं मॅडमना फोन करून पोरगं सापडल्याचं कळवलं आणि फोन ठेवल्यावर मात्र मनसोक्त रडून घेतलं. शालूबाईनं रडू दिलं. हरणीला पाण्यातून काढायला विश्वजितच लागला, कारण बाकी कुणाचं ती ऐकत नव्हती.

घरी आले तर केरबा कामावरून येऊन ओट्यावर बसलेला. त्याला कळलं होतं. वॉचमनची टोपी हातात फिरवत तो एकच म्हणत होता, "गेटावर पेढं वाटलं गं. मॅनेजर सायबानंबी खाल्ला. उद्या काय तोंड दावू?"

"पेढा काय त्यो वकणार हाय का आता?" शालूबाई म्हणाली. "गेला पोटात. पोरगं घरात आलंय, ते बघा आदी."

आदर्श दारात घुटमळत होता. डिजिटल रात्रीत काढून जाळून टाकतो म्हणाला, म्हणजे गावात चर्चा नको.

"जाळतोय कशाला? काढ आणि हिकडं आण."

आणलं. गोठ्याच्या वाऱ्याच्या अंगाला आडोसा नव्हता, पावसाची झड सरळ म्हसरांवर यायची. शालूबाईनं सगळ्यांना हाताशी धरून ते डिजिटल तिथं बांधून घेतलं. पण छापलेली बाजू आत, म्हशीकडं, आणि पांढरी बाजू बाहेर. विश्वजित स्वतःच्याच गॉगलला भोकं पाडून सुतळी ओवत होता. बांधून झाल्यावर शालूबाईनं चार पावलं मागं जाऊन बघितलं.

"आता हरणी तेवढी बघील तुजं तोंड," ती म्हणाली. "एकेक इषय सुटंल तसं थोडं थोडं दुमडून उलटं करत जाऊया."

तो आडनाव विचारणारा म्हाताराही तिथं येऊन उभा राहिला होता. निघताना अक्षताला म्हणाला, "पोरी, अंधार पडायला आलाय. आदर्श गाडीवरनं कागलपतूर सोडंल तुला." तिनं बरं म्हटलं.

दिवाळी झाली, परीक्षा झाली. अक्षता आणि विश्वजित लायब्ररीत समोरासमोर बसायचे आणि त्यानं 'येतंय की' म्हटलं की ती म्हणायची, "म्हशीचं सांगतोस का आता?" मग तो निमूट वही पुढं करायचा. तरी निकालाच्या दिवशी ती सकाळपासून फोन हातातच घेऊन बसली.

शालूबाईचा फोन आला तेव्हा ती घरीच होती. स्वयंपाकघराच्या दारात मीनाबाई शेजारच्या चिमणाबाईंशी बोलत होती, नेहमीचंच.

"दोन सुटलं!" शालूबाई फोनवर ओरडली. "गणित ऱ्हायलंय तेवढं. डिजिटल निम्मं उलटं केलंय बघा. गॉगलापतूर दिसतंय पोरगं!"

अक्षता हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आणि तुमचं काय?" शालूबाईनं विचारलं. "आईला सांगिटलासा का न्हाई अजून?"

"न्हाई, मावशी."

"का?"

दारातून आवाज येत होता. "एकदा बी न्हाई हो, चिमणाबाई! पहिल्यापास्नं पासच!"

अक्षतानं फोन कानाला तसाच धरला आणि हाक मारली, "आई, जरा हिकडं ये. आणि चिमणाबाईस्नी पण घेऊन ये."